मालक वारले म्हणून

मेलेला माणूस समरीनच्या फाटकाशी रिक्षातून उतरला, तेव्हा ती कुत्र्यांसाठी पातेल्यात भात कालवत होती.

आधी तिला वाटलं, मेलेल्याचा भाऊ असेल. रिक्षावाल्यानं काखेत हात घालून त्यांना खाली घेतलं. उजवा हात खुंटीवरच्या सदऱ्यासारखा लोंबत होता, उजवा पाय जमिनीवरून घासत येत होता, ओठाचा एक कोपरा खाली ओघळला होता. पण डाव्या भुवईवरचा तो टपोरा मस, तिरकी टोपी, रुंद कपाळ. हा चेहरा समरीननं फोनवर शंभरदा पाहिला होता. स्वतःच्या हातानं तिनं तो देशभर पाठवला होता, आणि त्याच्याखाली लिहिलं होतं की हे गृहस्थ आता या जगात नाहीत.

"बाई, मी आळ्याचा सयाजी. एस.टी.चा ड्रायव्हर व्हतो," ते म्हणाले. जीभ जड होती, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा येत होता. "माझं कुत्रं हितं आनलं व्हतं का?"

समरीनच्या मुठीतला भात परत पातेल्यात पडला. तिनं नुसतं फाटक उघडलं.

मंचरच्या बाहेर, बाजार समितीच्या पलीकडे, तिच्या नवऱ्याची कांदा साठवायची जुनी चाळ होती. शाहनवाजनं नवी बांधली आणि जुनी रिकामी पडली. कांद्याला वारा लागावा म्हणून चाळीच्या भिंती फटी ठेवून बांधलेल्या असतात. तो वारा थोराड कुत्र्यांनाही मानवतो, हे समरीनच्या लक्षात आलं ते एका ग्रेट डेनमुळे. पुण्याच्या कुणा फार्महाऊसवाल्यानं त्याला हायवेवरच्या ढाब्याला बांधून सोडून दिलं होतं. वासराएवढं जनावर, पण नुसता हाडांचा सापळा. तिनं त्याला घरी आणलं आणि तिथून हे काम तिच्या गळ्यात पडलं, ते पडलंच. पिल्लू असताना लोकांना हौस असते. वर्षभरात ते माणसाएवढं होतं, माणसापेक्षा जास्त खातं, मग ते कुणाला नको असतं. गावठी कुत्र्याला कुणीही भाकरीचा तुकडा टाकतं, या जनावरांना बघून लोक दगड उचलतात. त्यात हा बिबट्याचा मुलूख. इथं बांधून सोडलेलं कुत्रं म्हणजे वाढून ठेवलेलं ताट.

समरीन त्यांना उपचार करून उभी करायची आणि लांब लांब घरं शोधून पाठवायची. एक गाडी कोल्हापूरपर्यंत, तिथून दुसऱ्याची हुबळीपर्यंत, तिथून तिसऱ्याची पुढे. ज्यांना तिनं कधी पाहिलं नाही अशा माणसांच्या हातांतून कुत्रं हजार-हजार किलोमीटर जायचं आणि शेवटी कुणाच्या तरी अंगणात उतरायचं. तिची सासू गुलशन पहिल्याच दिवशी म्हणाली होती, घराच्या उंबऱ्याच्या आत एकही आणायचं नाही. समरीननं ते पाळलं. पण रोज दुपारी कोंबडीच्या पायांचं पाणी उकळून चाळीत पोचवायची ती गुलशनच. मुक्या जिवाला उपाशी ठेवलं तर वर काय तोंड दाखवू, असं तिचं म्हणणं.

सयाजींचा कुत्रा आला होता फाल्गुनात. सेंट बर्नार्ड, तांबडापांढरा, डोकं कळशीएवढं. सयाजींचा मुलगा सुदर्शन त्याला टेम्पोतून घेऊन आला होता. "वडील गेले ताई," तो खाली मान घालून म्हणाला होता. "हे त्यांचंच होतं. ते गेल्यापासून अन्नाला शिवत नाही." नाव विचारल्यावर म्हणाला, एशियाड. जन्मभर एस.टी. चालवलेल्या माणसानं आळेफाट्याला कुणी तरी टाकून दिलेलं ते दांडगं जनावर उचललं, आणि आपण चालवलेल्या सगळ्यात मोठ्या, सगळ्यात दिमाखाच्या गाडीचं नाव त्याला दिलं. समरीनला गलबलून आलं होतं. तिनं सुदर्शनकडून बापलेकांचा, म्हणजे बाप आणि कुत्र्याचा, एक फोटो मागून घेतला. पुण्याच्या मोहितनं, जो तिच्या कामाचं फोनवरचं सगळं बघायचा, त्याभोवती फुलांची चौकट लावली आणि दोन ओळी लिहिल्या. ती पोस्ट आसामपासून केरळपर्यंत फिरली. आठवडाभरातच नीलगिरीत, कोटगिरीला, सेल्वी नावाच्या एका निवृत्त नर्सनं एशियाडला मागून घेतलं. थंड हवेचं ठिकाण, दाट केसांच्या कुत्र्याला याहून चांगलं घर कुठलं? समरीननं त्या बाईचं घर व्हिडिओवर फिरून पाहिलं, शेजाऱ्यांशी बोलली, जनावरांच्या डॉक्टरचा नंबर घेतला. सगळं तपासलं.

आणि आता वारलेला माणूस चाळीच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता.

"दवाखान्यातनं लेकीकडं व्हतो, भोसरीला," सयाजी सांगत होते. "परवा घरी आलो. फाटकात कुत्रं न्हाई. सुदर्शन म्हनला, बिबट्यानं नेलं." ते थांबले, दम घेतला. "मी गोठ्याच्या मागं बघितलं, उसाच्या कडंला बघितलं. इतकं मोठं जनावर बिबट्या नेनार, आन् फरफटल्याची खून न्हाई? शेजारचा सावळेराम बोलला मग. म्हनला, टेम्पोत घालून मंचरच्या बाईकडं नेलंय. बाई, हाय का ते? जितं हाय का?"

"आहे काका. जिवंत आहे," समरीन घाईनं म्हणाली. "लांब आहे, पण बरं आहे. कोटगिरीला, तामिळनाडूत. चांगल्या घरी दिलंय."

सयाजींनी डोळे मिटले. डावा हात तोंडावरून फिरवला. मग डोळे उघडून त्यांनी तो प्रश्न विचारला, जो समरीनला ते रिक्षातून उतरल्यापासून दिसत होता.

"दिलं म्हंजी? कुनाला इचारून दिलं?"

समरीननं चाळीकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. पळून जायला कुठं जागा नव्हती.

"मालक वारले म्हणून दिलं," ती म्हणाली.

"कोन मालक?"

सयाजी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्याची एक बाजू हलत नव्हती, त्यामुळे त्यांना केव्हा कळलं हे दुसऱ्या बाजूवरून ओळखावं लागलं. तिथला गाल हळूहळू आत ओढला गेला. चाळीतलं एक कुत्रं भुंकायला लागलं आणि आपोआप गप्प झालं.

"कशानं मेलो म्हनला?" त्यांनी विचारलं.

"झटका आला म्हणाला."

"म्हंजी तेवढं खरं बोलला."

गुलशन पाणी घेऊन आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तांब्या हातात तसाच धरून ती उभी राहिली.

सयाजींनी ती पोस्ट बघायला मागितली. सावळेराम फोटोबद्दल काहीतरी बोलला होता, पण त्याच्या जुन्या फोनवर नीट उघडलं नव्हतं. समरीन म्हणाली, नको काका. ते म्हणाले, दाव. तिनं फोन त्यांच्या डाव्या हातात दिला. फुलांच्या चौकटीत ते स्वतः बसलेले होते, मांडीवर एशियाडचं डोकं. त्यांनी ओठ हलवत एकेक अक्षर वाचलं. मग अंगठ्यानं खाली सरकवलं. खाली लोकांनी जोडलेले हात होते, शेकड्यांनी. कुणी इंग्रजीत, कुणी हिंदीत, कुणी लिपीही ओळखू येणार नाही अशा भाषेत लिहिलं होतं.

"ही सगळी माझ्यासाठी रडली?"

"हो काका."

"आन् मी भोसरीत बोटं हालवायचा व्यायाम करत व्हतो."

त्यांनी फोन परत दिला. समरीनला वाटलं होतं, हा माणूस ओरडेल, तिला शिव्या देईल, निदान रडेल. तसं काही झालं नाही. त्यांनी फक्त घरी जायला नकार दिला. मेलेला मानूस घरी जात न्हाई, म्हणाले, आणि खुर्चीतून हललेच नाहीत. शेवटी गुलशननं शाहनवाजला फोन करून गोदामातली खाट आणवली, कांद्याच्या पोत्यांच्या शेजारी टाकली आणि सयाजींना म्हणाली, "भाऊ, पडा जरा. राग उभ्यानं केला काय आन् आडवं होऊन केला काय, तेवढाच असतो."

निरोप पोचला तसा सुदर्शन संध्याकाळच्या आत आला. नारायणगावला ट्रॅक्टरच्या दुकानात नोकरीला होता, तिथल्याच कपड्यांत आला होता, छातीवर दुकानाचं नाव शिवलेलं. फाटकातून आत आल्यावर बापाला खाटेवर बघून तो जागीच थबकला.

"आण्णा."

सयाजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

मग सुदर्शन समरीनकडे वळला. ती सगळं मनात जुळवून बसली होती, त्याला काय काय बोलायचं ते. पण तोच आधी बोलला, आणि आवाज चढवला नाही.

"ताई, मी तुमाला आधी एक फोन केला होता, आठवतं का? कुत्रं आणलं त्याच्या दहाबारा दिवस आधी."

समरीनला आठवेना. दिवसाला असे फोन किती येतात.

"तुमी म्हणला होता, मालक जिवंत असेल तर आमी कुत्रं घेत नाही. लोक हौस फिटली की टाकून देतात. मालकालाच बोलायला लावा, त्यालाच समजावते. असं म्हणून तुमी फोन ठेवला." त्याचा आवाज चिरकला. "मालक आयसीयूत होता. तोंडात नळी, नाकात नळी. डॉक्टर म्हणाले होते, आशा धरू नका. कुणाला बोलायला लावू?"

"मग तसं सांगायचं ना," समरीन म्हणाली.

"सांगितलं असतं तर तुमी म्हणला असता, थांबा. म्हणला असता ना?"

ती तसंच म्हणाली असती.

सुदर्शन सांगत राहिला. कुत्रं फाटकात पडून असायचं, खायचं नाही, अंधार पडला की गळा काढायचं. त्या दिवसांत शेजारच्या गावात बिबट्यानं एका पोराला ओढलं होतं. उसाची तोड चालू होती, बिबटे घराघरांशी यायला लागले होते. घरात त्याची बायको अश्विनी आणि तीन वर्षांची मुलगी. हा दिवसभर कामावर, नाहीतर पुण्याला दवाखान्यात. एकदा अश्विनीनं खिडकीतून पाहिलं, बिबट्या फाटकाच्या बाहेर बसलाय आणि कुत्रं आत बसलंय, दोघं एकमेकांकडे बघत. तिनं सुदर्शनला सांगितलं, एक तर हे कुत्रं राहील नाहीतर मी आणि पोरगी. कुणी ते जनावर घ्यायला तयार नव्हतं.

"आन् मला कुत्रं बिबट्यानं नेलं म्हनून का सांगितलंस?" भिंतीकडे तोंड करूनच सयाजी बोलले. मुलाशी ते एवढंच बोलले.

"तुमी उठून बसाल असं कुणाला वाटलं होतं, आण्णा?"

तो खोटं बोलत नव्हता, हे समरीनला दिसत होतं. त्यानं बापाला तिच्यासाठी मारलं होतं, कुत्र्याला बापासाठी मारलं होतं, आणि दोन्ही वेळा त्याला वाटलं होतं की हे आज ना उद्या खरंच होणार आहे. आणि ती? हजार किलोमीटरवरच्या बाईच्या घराचा कोपरान् कोपरा तिनं तपासला होता. आळं मंचरहून तासाभराच्या अंतरावर होतं. तिथं एका माणसाला विचारलं असतं तर पुरलं असतं.

मोहितनं त्याच दिवशी पोस्ट काढून टाकली. पण तोवर ती लोकांनी आपापल्या फोनमध्ये उतरवून घेतली होती, पुढे पाठवली होती. ती आता कुणाच्याच हातात नव्हती.

सयाजी एकच म्हणत होते, मला कुत्र्याकडं न्या. सेल्वीला फोन लावायचं काम समरीनचं होतं. तिनं लावला. सेल्वी पुण्याला लष्करी इस्पितळात काही वर्षं नोकरीला होती, हिंदी चांगलं बोलायची. एशियाड कसा आहे हे ती उत्साहानं सांगायला लागली. आधी चार दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नाही, आता अंडी खातो, सकाळी धुक्यात फिरतो, मी त्याच्याशी त्याच्या अप्पांबद्दल बोलते, बिचाऱ्याला कळत असेल. "मी येतेय भेटायला," एवढंच ती म्हणाली. "एकदोघं सोबत आहेत." बाकीचं तिच्याच्यानं बोलवलं नाही.

गाडी सुदर्शननं काढली. शाहनवाजनं त्याला सांगून पाहिलं, मी चालवतो, तू राहू दे. तो ऐकेना. सयाजी बोलत नव्हते, पण गाडीत बसायला नाहीही म्हणाले नाहीत. ते पुढे बसले, मागे समरीन. आणि सूनबाईला दोन परक्या पुरुषांबरोबर इतकं लांब कसं पाठवायचं, म्हणून गुलशनही डबा बांधून निघाली.

सातारा गेलं, कोल्हापूर गेलं, बाप लेकाशी बोलला नाही. हुबळीत मुक्काम झाला, तिथंही नाही. चहाला उतरले की सुदर्शन बापाच्या बाजूचं दार उघडायचा, त्यांचा दंड धरायचा, ते धरू द्यायचे, पण बघायचे दुसरीकडे. गुलशनच काय ती बोलायची. एस.टी.चा जुना काळ, कुठल्या घाटात कोण कसं चालवायचं, हे तिनं सयाजींकडून काढून घेतलं. मागच्या सीटवर समरीन मात्र कानात बोळे घातल्यासारखी बसून होती. याच रस्त्यानं एशियाड गेला होता, अनोळखी माणसांच्या गाड्यांतून, बिचाऱ्याला काय वाटलं असेल, असं आजवर तिच्या कधी मनात आलं नव्हतं. तिला नेहमी वाटायचं, ही कुत्री सुटकेच्या दिशेनं चाललीत.

नीलगिरीचा घाट लागला आणि गाडी तिसऱ्या-चौथ्या वळणाला गुरगुरायला लागली. सुदर्शनला घाटाची सवय नव्हती. इंजिन दमलं तरी तो रेटत होता.

"दुसरा टाक," सयाजी म्हणाले.

सुदर्शननं चमकून बापाकडे पाहिलं आणि दुसरा टाकला. पुढच्या वळणाला पुन्हा, "आता बाहेरनं घे. अजून बाहेरनं. हां." त्यापुढे घाट संपेपर्यंत ते तेवढंच बोलत राहिले, गिअर आणि वळण, वळण आणि गिअर. सुदर्शनच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, त्यामुळे ते पुसायची सोय नव्हती.

सेल्वीचं घर चहाच्या मळ्यांच्या उतारावर होतं, लहानसं, पुढे दगडी अंगण. ती दारात उभी होती, पांढरे केस, स्वेटर, हसतमुख. समरीन आधी उतरली आणि धावतच तिच्याकडे निघाली, निदान दोन वाक्यं तरी आधी कानावर घालावीत म्हणून. पण सुदर्शननं पुढचं दार उघडलं होतं. सयाजी गाडीच्या बाहेर आले आणि टोपी सारखी करून उभे राहिले.

सेल्वीचं हसू तसंच राहिलं आणि त्यातून जीव निघून गेला. तिनं चौकटीला धरलं. तिच्या मागे दार उघडं होतं, आणि आतल्या भिंतीवर फुलांच्या चौकटीतला तोच फोटो लावलेला होता, खाली समई, ताजं जास्वंदीचं फूल. एशियाडला आपल्या माणसाचा चेहरा दिसत राहावा म्हणून सेल्वीनं तो मोठा करून आणला होता. सयाजींनीही तो पाहिला. काही क्षण फोटो आणि माणूस समोरासमोर होते आणि मध्ये ती बाई.

"जिवंत आहेत," समरीन पुढे येऊन म्हणाली. "मला चुकीचं सांगितलं होतं. मी तपासलं नाही. तुम्हाला फोनवर सांगायची हिंमत झाली नाही."

सेल्वी तिथंच पायरीवर बसली. जन्मभर तिनं इस्पितळात माणसं जाताना पाहिली होती, पण गेलेलं कुणी असं दारात आलेलं पाहिलं नव्हतं. तिला रागही येत होता आणि ती हुंदकेही देत होती, आणि तामिळमध्ये काहीतरी म्हणत होती, जे कुणालाच समजलं नाही. मग ती उठली, आत गेली आणि भिंतीवरचा फोटो उतरवून उलटा ठेवला. समई विझवली. बाहेर येऊन तिनं सयाजींच्या पायाला हात लावला.

"या अप्पा. तो मागे आहे."

एशियाड घराच्या मागच्या बाजूला गार दगडावर पसरला होता. अंगावरचे केस चमकत होते. आळ्याला तो उन्हाळाभर ओल्या गोणपाटावर जीभ काढून धापा टाकत पडायचा, हे सयाजींनीच रस्त्यात गुलशनला सांगितलं होतं. आता त्यानं डोकं वर केलं. सयाजींनी हाक मारली, पण ती जड जिभेनं आली, त्यांची नेहमीची नव्हती. कुत्रं उठलं आणि सावकाश चालत आलं. आधी त्यानं लुळा उजवा हात हुंगला. फार वेळ हुंगला, जणू हा हात कुठल्या दुसऱ्याच माणसाचा आहे. मग डावा. मग ते सगळं वजन घेऊन सयाजींच्या पोटाशी टेकलं आणि सयाजी मागे तोल जाऊन गवतात बसले. सुदर्शन धरायला धावला, तोवर कुत्रं अर्धं त्यांच्या अंगावर होतं आणि त्यांच्या तोंडाची पडलेली बाजू चाटत होतं.

घाटातही जे झालं नव्हतं ते इथं झालं. सयाजी रडले, तोंड वेडंवाकडं करून, आवाज काढून.

सेल्वी दुपारी जेवताना म्हणाली, घेऊन जा. तुमचा आहे, माझा हक्क नाही. तिनं हे ज्या शांतपणानं म्हटलं त्यानं समरीनला मान वर करवेना. तिनंच या बाईला हे कुत्रं दिलं होतं. सयाजी जेवता जेवता थांबले. एशियाड आठ वर्षांचा होता. या जातीला ते पुष्कळ झालं. त्याचे मागचे पाय आखडायला लागले होते, आणि इथं आल्यावर पहिले चार दिवस तो कसा पडून होता ते सेल्वीनं सांगितलं होतं.

"तेवढा रस्ता त्याला परत न्हाई करायचा," सयाजी म्हणाले. "एकदा केला त्यानं, कुनी इचारलं न्हाई त्याला. आता मी करीन. मला रस्त्याची सवय हाय."

सेल्वीच्या घराला मागे एक खोली होती, बिनवापराची. तिथंच राहा, पाहुणा म्हणून, असं तिनं सांगून टाकलं, "पाहुणा" हा शब्द तिला मराठीत येत होता.

सुदर्शननं विचारलं, "किती दिवस आण्णा?"

"मेलेल्या मानसाला रजा लागत न्हाई," सयाजी म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी निघताना ते काठी टेकत गाडीपर्यंत आले, खिडकीत वाकले आणि म्हणाले, "उतरताना ब्रेकवर पाय देऊन ऱ्हाऊ नको. गिअरवर उतर. पोरीचा फोटू पाठवत जा."

घाट निम्मा उतरल्यावर सुदर्शननं गाडी कडेला घेतली आणि बंद केली. बाहेर धुकं होतं. तो समोर बघत राहिला.

"मला खरंच वाटलं होतं ते जाणार," तो म्हणाला. "मी नुसतं आधी बोललो. वडील गेले असं आधीच बोलून बघितलं, तर सोपं वाटलं, ताई. कुत्र्याचं काम झालं म्हणून न्हवं. तसंच, सोपं वाटलं. ते कळलं तेव्हा मलाच भ्या वाटलं होतं माझं."

गुलशननं डब्यातली बाटली पुढे केली आणि तो पाणी पिईपर्यंत ती त्याच्या पाठीवर हात ठेवून राहिली.

सयाजी पावसाळाभर कोटगिरीला राहिले. सुदर्शन मध्ये दोनदा जाऊन आला, एकदा अश्विनी आणि मुलीला घेऊन. समरीन आता कुणी कुत्रं आणलं की आणणाऱ्याच्या गावी जाऊन येते. त्यामुळे तिचं काम मंदावलंय आणि मोहित कुरकुर करतो. दिवाळीच्या तोंडावर सयाजी एकटे, तीन गाड्या बदलून आळेफाट्याला उतरले. त्यांना न्यायला सुदर्शन आणि समरीन दोघंही स्टँडवर गेले होते.

तिथं चहाच्या टपरीशी रखमाजी नावाचे म्हातारे कंडक्टर उभे होते. सयाजींबरोबर त्यांनी बारा वर्षं काढली होती. ती पोस्ट त्यांनाही आली होती. जुन्या लोकांनी डेपोत जमून दोन मिनिटं उभं राहून सयाजींना श्रद्धांजली वाहिली होती, आणि पोस्ट खोटी होती हे त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. बसमधून काठी टेकत उतरणाऱ्या माणसाकडे त्यांनी पाहिलं, आणि हातातला कप खाली ठेवायचं भान न राहता ते फरशीवर मटकन बसले. चहा धोतरावर सांडला.

सयाजी त्यांच्यापाशी गेले. एक हात काठीवर, दुसरा उचलत नव्हता, त्यामुळे त्यांना उठवायला हात देता येईना. ते काठी टाकून कष्टानं, गुडघा मोडत, त्यांच्या शेजारी खालीच बसले.

"भाजलं का रे रखमाजी?" ते म्हणाले. "बस थोडा. मग सांगतो सगळं."